‘फ्लॅग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
एका बिल्ड टूलच्या (सोर्स कोडमधून प्रोग्राम बांधणाऱ्या साधनाच्या) माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतेय. जुन्या मसुद्यात ‘कंपायलर फ्लॅग’चं, म्हणजे कंपायलरला आज्ञेसोबत द्यायच्या सूचनेचं, ‘संकलक ध्वज’ केलंय. संकलक अटकेपार झेंडे लावायला निघालाय असं वाटतं. ‘पोर्टेबल’साठी ‘सुवाह्य’ आहे, तोही खटकतोय. सुचवा काही.

प्रतिसाद १
‘ध्वज’ नकोच. प्रोसेसरमधला फ्लॅग म्हणजे स्थिती दाखवणारा बिट, तिथे ‘निशाण’ चालून जाईल. कमांड लाइनवर आपण सूचना देतो. पोसिक्स या युनिक्सच्या मानकातही त्याला ‘ऑप्शन’ म्हटलंय, म्हणून ‘पर्याय’. बोलताना सगळे फ्लॅगच म्हणतात, मी लिहितानाही तोच ठेवीन.

प्रतिसाद २
‘पर्याय’ला दुसराही अर्थ आहे : समानार्थी शब्द. पोर्टेबिलिटीचं अर्धं दुखणं तिथेच आहे. लायब्ररी (तयार कोडचा संच) कुठे शोधायची हे जीसीसी या कंपायलरला ‘डॅश मोठा एल’ने सांगतात, मायक्रोसॉफ्टच्या लिंकरला (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणाऱ्याला) ‘लिबपाथ’ने. अर्थ एक, शब्द दोन; हे निभावता येतं. खरी पंचाईत शब्द एक आणि अर्थ दोन असले की होते. जीसीसीच्या ‘डब्ल्यू-ऑल’मध्ये सगळे इशारे (वॉर्निंग) येत नाहीत, ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ जोडला तरी काही उरतात. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला तोच शब्द दिलात तर तो खरोखर सगळे दाखवतो.

म्हणून टूलला अर्थ सांगावा, शब्द त्याचा तो निवडेल. मेसन या बिल्ड टूलमध्ये इशाऱ्यांची पातळी देता येते. सीमेक या दुसऱ्या टूलमध्ये ‘या टार्गेटला (म्हणजे बनवायच्या फाइलला) सी++१७ लागतं’ एवढंच सांगता येतं. थ्रेडचंही (प्रोग्राममधल्या समांतर धाग्यांचंही) तसंच. थ्रेडची लायब्ररी जोडणारा ‘डॅश एल पीथ्रेड’ फ्लॅग हाताने लिहिणारे पुष्कळ. जीलिबसी ही लिनक्सवर सर्रास असणारी मूळ सी लायब्ररी; २०२१च्या तिच्या २.३४ आवृत्तीपासून थ्रेडची लायब्ररी तिच्यातच सामावली आहे, त्यामुळे नव्या लिनक्सवर तो फ्लॅग विसरला तरी कळत नाही आणि जुन्यावर बिल्ड अडतं. त्यापेक्षा ‘थ्रेड्स हवेत’ असं सांगून मोकळं व्हावं.

प्रतिसाद ३
आणि टूलला ठाऊक नसलेला फ्लॅग? तो देऊन छोटासा प्रोग्राम कंपाइल करून बघा म्हणतात. पण अनोळखी ‘डब्ल्यू-नो’ (इशारा बंद करणारा) फ्लॅग जीसीसी एरवी गुपचूप गिळतो, दुसरी काही तक्रार निघाली तरच त्याबद्दल बोलतो. क्लँग हा दुसरा कंपायलर अनोळखी इशारा-फ्लॅगवर नुसता इशारा देऊन पुढे जातो. म्हणजे चाचणी पास, हाती काही नाही. म्हणून ‘नो’ काढून तपासावं, आणि क्लँगच्या त्या इशाऱ्याला त्रुटी मानावं.

प्रतिसाद २
बरोबर. शब्दक्रमाबद्दलही लिहा हो पुस्तिकेत. मराठीत शब्द मागेपुढे झाले तरी अर्थ लागतो. ग्नू प्रकल्पाचा (जीसीसीच्या घरचा) लिंकर मात्र स्टॅटिक लायब्ररी (प्रोग्राममध्येच भरली जाणारी) डावीकडून उजवीकडे वाचत जातो. लायब्ररी आधी आणि तिची गरज असलेली ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला तुकडा) नंतर आली, की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. म्हणून मेक या बिल्ड टूलच्या अंगभूत नियमात ‘एलडीफ्लॅग्ज’ (लिंकरचे फ्लॅग) ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी आणि ‘एलडीलिब्ज’ (जोडायच्या लायब्ररी) शेवटी असतात. पुष्कळजण दोन्हींचा काला करतात.

प्रतिसाद १
काल्यावरून आठवलं : ‘सीपीपीफ्लॅग्ज’मधलं सीपीपी म्हणजे सी प्रीप्रोसेसर (कंपाइल करण्याआधीचा टप्पा). सी++साठी ‘सीएक्सएक्सफ्लॅग्ज’. आणि ‘सीफ्लॅग्ज’ (सी कंपायलरचे फ्लॅग) ही वापरणाऱ्याची जागा. प्रकल्पाने स्वतःचे फ्लॅग तिथे कोंबून त्याचे पुसू नयेत.

प्रश्नकर्ती
आभार. फ्लॅग ‘फ्लॅग’च ठेवते. ‘सुवाह्य’ काढला, फ्लॅग उचलून दुसरीकडे नेता येत नाही, हीच तर अडचण आहे. तिथे ‘कुठल्याही कंपायलरवर चालेल असं’ लिहीन. ‘लिंकर’साठी केलेला ‘जोडणीकार’ मात्र खोडवत नाहीये. राहू दे.