घरची बिअर: बाटल्या धुण्याचं काम कमी कसं करावं?

मिशिगनकाठी

नमस्कार मंडळी. मी मूळचा मिरजेचा, आता मिलवॉकीला असतो. 2016 पासून घरी बिअर करतो, वर्षाला सात-आठ घाणे. एक घाणा म्हणजे पाच गॅलन, आपले 19 लिटर. तळाचा साका सोडला तर 12 औंसाच्या पन्नासेक बाटल्या भरतात.

या कामातला पहिला तास मला फार प्रिय आहे. भरडलेलं माल्ट 67 अंशांच्या पाण्यात पडलं की घरभर वास सुटतो, अगदी आजी नाचणीचं सत्त्व करायची तसा. मोड आणून वाळवलेलं धान्यच ते, वास सारखा असणारच. धाकटी सात वर्षांची आहे, ती स्टूल ओढून ढवळायला उभी राहते. त्या तासासाठी मी हे करतो.

पण गेल्या वेळी घड्याळ लावून बसलो. सकाळी आठला सुरुवात, सव्वातीनला शेवटचं भांडं पालथं घातलं. त्यात सुरुवातीचं घासणं आणि निर्जंतुक करणं 50 मिनिटं, शेवटचं घासणं एक तास चाळीस मिनिटं. दोन आठवड्यांनी बाटल्या भरायचा रविवार आला, त्याचे चार तास. त्यातले दोन तास वीस मिनिटं फक्त बाटल्या: लेबलं भिजवणं, खरवडणं, आतून ब्रश फिरवणं, तीनदा विसळणं, जंतुनाशकात बुडवणं, निथळत ठेवणं. पन्नास वेळा. मनगट दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखतं.

एवढं करूनही मागच्या ऑगस्टमध्ये एक घाणा वाया गेला. बाटली उघडली की फसफसून अर्धी बाहेर, उरलेली आंबट. तळघरात एक बाटली रात्री फुटलीसुद्धा. काचा दूरच्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या. हातमोजे आणि चष्मा घालून उरलेल्या 43 बाटल्या एकेक उघडून ओतून दिल्या. वाटलं बाटल्याच नीट धुतल्या गेल्या नसणार. पुढच्या घाण्याला दुप्पट घासल्या. तोही आंबला. मग एका रात्री बाटल्या भरायच्या बादलीची प्लास्टिकची तोटी पिळून उघडली. आतल्या फटीत तपकिरी, बुळबुळीत थर बसलेला. तीन वर्षांत ती तोटी मी एकदाही उघडली नव्हती. बादली दर वेळी चकाचक, आणि प्रत्येक बाटली त्या घाणीतून भरलेली.

तेव्हापासून डोक्यात एकच विचार आहे. मी जिथे घासतोय तिथे गरज नाही, आणि जिथे गरज आहे तिथे माझा हात पोचत नाही. तर अनुभवी लोकांनी सांगा, यातलं कोणतं काम खरंच आवश्यक आहे आणि कोणतं मी उगाच करतोय? केगचा, म्हणजे सगळी बिअर एकाच धातूच्या पिंपात भरायचा, सल्ला बरेच जण देतील, पण मला बाटल्या हव्यात. का ते नंतर सांगतो.

इसारतीर

म्युनिकहून लिहितेय. दादा, तुमच्या दोन तास वीस मिनिटांतला दीड तास तुम्ही आठवडाभर आधीच वाचवू शकता. बाटली ग्लासात ओतली की तिथेच, त्याच मिनिटाला, गरम पाण्याने तीनदा खळबळून पालथी घाला. ओला साका लगेच निघतो, वाळला की सिमेंट होतो. ब्रश मी गेल्या चार वर्षांत फक्त दुसऱ्यांकडून आलेल्या बाटल्यांना लावलाय. भरायच्या दिवशी बाटली उजेडात धरून बघायची. आत काही दिसलं नाही तर सरळ निर्जंतुक करायची, धुवायची नाही.

धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. घाण असेल तिथे जंतुनाशक पोचत नाही, तुमच्या तोटीत तेच झालं. पण स्वच्छ बाटली परत परत धुऊन ती जास्त स्वच्छ होत नाही. आपण विरजण लावायचं पातेलं एकदा नीट घासतो, पाच वेळा नाही.

दुसरं म्हणजे अर्ध्या लिटरच्या, तारेच्या झाकणाच्या बाटल्या घ्या. 50 च्या जागी 36 होतील आणि झाकणं दाबत बसायला नको. रबरी चकती तेवढी तपासायची, चिरली की बदलायची.

ब्रिस्बेनकर

इसारतीर ताईंशी सहमत. माझी थोडी भर.

1. बाटल्या डिशवॉशरमध्ये उलट्या लावून सगळ्यात गरम फेरी चालवतो, साबण आणि चकाकीचं द्रव्य दोन्ही न घालता. पाण्याचे फवारे अरुंद गळ्यातून आत जात नाहीत, त्यामुळे हे धुणं नव्हे. पण वाफेची उष्णता आत पोचते. आधीच स्वच्छ असलेल्या बाटलीला तेवढं पुरतं. चकाकीचं द्रव्य चुकून राहिलं तर फेस बसतो, ते नकोच.

2. त्याच डिशवॉशरचं दार आडवं उघडून, त्यावर बाटल्या ठेवून भरा. सांडलेलं सगळं दारावर पडतं. भरून झालं की दार लावा आणि एक फेरी चालवा. फरशी पुसायचं काम संपलं.

3. उकळलेला वॉर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, यीस्ट घालण्याआधी गार करायची खटपट आम्ही इकडे बरेच जण करतच नाही. उकळता वॉर्ट जाड, उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरायचा, हवा दाबून काढायची, कॅन आडवा करून सगळ्या बाजूंना गरम द्रव लागू द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी यीस्ट घालायचं. उकळीच्या शेवटी घातलेले हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) गरम राहून कडवटपणा वाढवतात, म्हणून ते उशिरा किंवा कमी घालावे लागतात. हे कॅन भाजेल इतके तापतात, लहान मूल जवळ असेल तर जपून.

मिशिगनकाठी

@ब्रिस्बेनकर, डिशवॉशरच्या दारासाठी मनापासून आभार. मी दर वेळी जुनी चादर अंथरतो आणि ती धुतो.

गार करण्याचं मात्र जसं आहे तसंच ठेवीन. इथे नळाला लेक मिशिगनचं पाणी, जानेवारीत ते इतकं गार असतं की तांब्याच्या वेटोळ्यातून सोडलं की वीस मिनिटांत काम होतं. पहिलं गरम पाणी मी वॉशिंग मशिनमध्ये घेतो. नव्या लोकांसाठी सांगतो, पातेलं बर्फात नेऊन ठेवू नका. मी पहिल्या हिवाळ्यात ठेवलं होतं. भोवतालचा बर्फ वितळून पातेल्याभोवती हवेची पोकळी होते, आणि भुसभुशीत बर्फ गोधडीसारखा ऊब धरतो. दोन तासांनीही वॉर्ट कोमटच होता.

पेठेतला

वाचून करून बघावंसं वाटतंय. पुण्यात सामान मिळेल का?

मिशिगनकाठी

@पेठेतला, सामानाआधी कायदा बघा. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई आहे, आणि बिअरही त्यात येते. इथे अमेरिकेत 1978 साली कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला करातून सूट मिळाली: दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला 200 गॅलन, विकायची नाही. तुम्हाला आंबवण्याची हौस असेल तर अद्रकाचं बिनदारूचं पेय, कांजी, घरचा व्हिनेगर यांत तीच शिस्त लागते. मी मदत करीन.

इसारतीर

उरलेल्या चोथ्याचं काय करता? तेही एक काम असतं ना.

मिशिगनकाठी

पाच किलो धान्याचा ओला चोथा जवळजवळ दुप्पट वजनाचा होतो, आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी दुर्गंधी सुटते. बराचसा कंपोस्टमध्ये जातो. दोनेक किलो मी ओव्हनमध्ये मंद आचेवर कोरडा करतो, दळतो, चाळणीने टरफलं काढतो आणि थालीपिठाच्या भाजणीत चौथा हिस्सा मिसळतो. जिरं, ओवा थोडा जास्त घालायचा. एक सावधगिरी: उकळीनंतर तळाशी राहिलेला हॉप्सचा गाळ कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, त्यांना तो विषारी असतो.

मिशिगनकाठी (सहा आठवड्यांनंतर)

सांगितलेलं सगळं केलं, म्हणून हिशेब देतो. अर्ध्या लिटरच्या बाटल्या घेतल्या, 36 भरल्या. रविवारचं काम चार तासांऐवजी एक तास पस्तीस मिनिटांत उरकलं. त्यातली दहा मिनिटं तोटी सुटी करून, गरम पाण्यात भिजवून, बारीक ब्रशने घासण्यात गेली. तेवढी मी आनंदाने देतो. बिअर स्वच्छ आहे, आंबट नाही, फेस टिकतो.

आता केग का नको ते. मला हे शिकवलं शेजारच्या आजोबांनी. चाळीस वर्षं इथल्याच एका ब्रुअरीत काढलेली. पहिलं पातेलं त्यांचंच, अजून परत घेत नाहीत. दर घाण्यातल्या सहा बाटल्या त्यांना देतो. आता त्यांना जिने चढवत नाहीत, म्हणून मीच नेऊन ठेवतो आणि रिकाम्या घेऊन येतो. केगमधली बिअर अशी नेता येत नाही.

इसारतीर ताई, तुमचं उत्तर वाचलं त्या संध्याकाळी त्यांच्याकडून खोका आणला. सहाही बाटल्या उघड्या, पालथ्या, आतून लखलखीत. आठ वर्षं त्या अशाच येत होत्या. घरी आणून इतर बाटल्यांबरोबर त्याही मी पुन्हा ब्रशने घासत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "ओतली की लगेच विसळतो. ब्रुअरीत वाळू द्यायचीच नाही अशी सवय लागली."