अरुंद बोळांच्या वस्तीत मैलापाण्याची लाइन: घरं न पाडता जमेल का?

अर्धा_नकाशा
अनधिकृत वस्तीचा सुधारणा आराखडा करायचा आहे. सुमारे ३०० घरं, बोळ १.२ ते १.५ मीटर. नेहमीचे मॅनहोल आणि मोठे पाइप घ्यायचे तर बोळ रुंद करावे लागतात, म्हणजे घरांवर हातोडा. १०० मिमीचा पाइप चालेल की तुंबेल? आणि अग्निशमनाची गाडी आत कशी येणार?

उतार_२००
चालतो. ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकात याच अडचणीतून उथळ, लहान व्यासाच्या वाहिन्यांची पद्धत पुढे आली.

एका बोळात ४० घरं, घरटी ५ माणसं, माणशी ८० लिटर पाणी धरा. त्यातलं ८५ टक्के लाइनमध्ये येतं. सकाळच्या गर्दीसाठी १.८ ने गुणलं तरी सेकंदाला ०.२८ लिटरच भरतात. आरेखनात मात्र किमान १.५ लिटर धरायचे, कारण संडासात पाणी ओतल्यावर जो लोंढा येतो तो साधारण तेवढा असतो. त्याला १०० मिमी पाइप आणि २०० मीटरला १ मीटर उतार पुरतो. मॅनहोलऐवजी ४० सेंमी चौरस चेंबर बांधा: वरूनच बांबू किंवा सळई घालता येते, माणूस आत उतरवायचा प्रश्नच नाही.

खरी मेख शेवटच्या टोकाला असते. १५० मीटर लांब सपाट बोळात पाइप ७५ सेंमी खाली जातो. सुरुवातीला वर ४० सेंमी माती आणि पाइपचे १० सेंमी धरले, तर शेवटी पाइपचा तळ सव्वा मीटर खोल. मुख्य वाहिनी त्याहून उथळ असेल तर सगळं मुसळ केरात. म्हणून लेव्हल घ्यायला मुख्य वाहिनीपासून सुरुवात करा आणि मागे मागे या. तिथली पावसाळ्यातली पाण्याची पातळीही तपासा, नाहीतर मैला उलटा घरात येतो.

पन्हाळी
वरच्या हिशेबात पाऊस नाही, आणि तो नसायलाच हवा. पण लोक पत्र्याची पन्हाळ चेंबरात सोडतात. ४० छपरं, प्रत्येकी २० चौ.मी., तासाला ५० मिमी पाऊस: सेकंदाला ११ लिटर. तुमचा पाइप तुडुंब भरला तरी ३.६ लिटरच नेतो. म्हणजे पहिल्याच जोराच्या सरीत झाकणं वर! पावसाचं पाणी बोळाच्या पृष्ठभागावरून, मधोमध खोलगट भाग ठेवून न्या.

आणखी एक. जुन्या फरशीवर नवं काँक्रीट ओतू नका. दर खेपेला बोळ ५-७ सेंमी उचलला जातो आणि काही वर्षांत उंबरे खाली राहतात. आधीचा थर उकरून काढण्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरा. नेमका तोच कंत्राटदार गाळतो.

हौदी
१०० मिमीला माझा विरोध नाही, पण एक अट आहे. जिथे पाणी दिवसाआड येतं तिथे लोक संडासात तांब्याभरच ओततात, मैला वाटेत अडकतो. अशा ठिकाणी घर आणि लाइन यांच्यामध्ये गाळ अडवणारी छोटी हौदी लागते. कराचीच्या ओरंगी या अनधिकृत वस्तीत १९८० पासून मैलापाण्याचं जे काम झालं त्यात असा टप्पा होता. बोळातली लाइन रहिवाशांनी स्वखर्चाने टाकायची, मुख्य नाला आणि शुद्धीकरण सरकारने करायचं, अशी तिथे विभागणी होती. हौदी कोण उपसणार आणि गाळ कुठे जाणार हे मात्र खोदाईआधीच कागदावर हवं.

पिण्याची लाइन त्याच चरात टाकू नका. पुरवठा बंद झाला की पाइपात पोकळी होते आणि गळक्या सांध्यातून घाण आत ओढली जाते. जागाच नसेल तर पिण्याची लाइन बोळाच्या दुसऱ्या कडेला आणि वरच्या पातळीवर घ्या.

अर्धा_नकाशा
पाणी दिवसाआडच आहे, म्हणजे हौदी धरतो. अग्निशमनाचं?

उतार_२००
प्रत्येक बोळात गाडी नेण्याचा हट्ट सोडा. मधला एकच मुख्य रस्ता, म्हणजे वस्तीचा कणा, साडेतीन-चार मीटर रुंद करा आणि त्यावर हायड्रंट (आग विझवायला पाणी घ्यायचा नळ) बसवा. अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजू नका, होज, म्हणजे बंबाची नळी, वळणं घेत जाते त्या वाटेने मोजा. कण्यासाठी जी घरं हलतील त्यांना त्याच वस्तीत जागा द्या. यादी करताना घरमालकाइतकीच भाडेकरूंचीही नोंद घ्या, माळ्यावरच्या खोलीसकट. भाडेकरू यादीतून सुटला की काम कोर्टात अडकतं.