‘फालांदिझात्सिया’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : पोलंडमधल्या १९९०-९५ च्या राजकारणाबद्दल वाचताना ‘फालांदिझात्सिया’ हा शब्द सारखा भेटतोय. राष्ट्राध्यक्ष लेक वालेंसा यांचे कायदेसल्लागार प्रा. फालांदिश यांच्या आडनावावरून पडलेला. कायद्याने मनाई केलेली नाही ना, मग अधिकार आहेच, अशी ती रीत. ‘पळवाट’ चालेल?

प्रतिसाद : पळवाट नको. ती शोधतो तो कायद्याच्या कचाट्यातून निसटायला. इथे अधिकार ओढून घ्यायचा होता. मार्च १९९४ मध्ये वालेंसांनी प्रसारण परिषदेच्या (रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणारी संस्था) अध्यक्षांना पदावरून काढलं. कायद्यात अध्यक्ष नेमायचा अधिकार होता, काढण्याबद्दल अवाक्षर नव्हतं. फालांदिश म्हणाले, नेमतो तो काढूही शकतो. मे महिन्यात घटना न्यायाधिकरणाने हे अमान्य केलं. मी ‘मखलाशी’ म्हणेन.

प्रतिसाद : मखलाशी झकास, पण तिच्यात लबाडी गृहीत धरलेली असते. आपल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम १६ काढून बघा : वेगळा हेतू दिसत नसेल तर नेमणाऱ्याला काढायचाही अधिकार! म्हणजे मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. फक्त चुकीच्या ठिकाणी लावला. प्रसारणावर सत्ताधाऱ्यांचा हात राहू नये म्हणूनच तर ती परिषद होती.

प्रतिसाद : खरी गंमत पोलंडच्या १९९२ च्या ‘छोट्या राज्यघटनेत’ आहे, म्हणजे पूर्ण नवी राज्यघटना होईपर्यंतच्या तात्पुरत्या घटनेत. परराष्ट्र, संरक्षण आणि गृह या खात्यांचे मंत्री सुचवताना पंतप्रधानांनी राष्ट्राध्यक्षांचं मत घ्यावं, एवढंच तिथे लिहिलंय. वालेंसांनी ‘मत’चा अर्थ ‘पसंती’ असा लावला, आणि लोक या तीन खात्यांना सरळ ‘राष्ट्राध्यक्षांची खाती’ म्हणायला लागले. वालेंसा थेट जनतेतून निवडून आलेले, समोर १९९१ च्या संसदेत २९ गट, अडवणार कोण? (आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९३ साली न्यायाधीशांच्या नेमणुकीत ‘विचारविनिमय’ म्हणजे ‘सहमती’ असंच वाचलं. त्याला मात्र कोणी मखलाशी म्हणत नाही. निदान मोठ्याने नाही.) पोलंडच्या १९९७ च्या राज्यघटनेत मत घेण्याची ती तरतूद ठेवलीच नाही.

प्रश्नकर्ता : मग मखलाशी की आणखी काही?

प्रतिसाद : वकिलाने केली तर मखलाशी. खुर्चीवरच्याने तीच रोजची रीत केली तर ‘फालांदिशगिरी’. दादागिरीच्या शेजारी बसायला हरकत नाही. ‘राज्यपालांची फालांदिशगिरी’ असा मथळा वाचून बघा, तळटीप लागते का ते.