मदत हवी आहे: दुधीवर घिरट्या घालणारी पट्ट्यांची माशी आणि चवळीवरच्या अळ्या, मारू की राहू देऊ?

नमस्कार मंडळी,

पुण्यात चौथ्या मजल्यावर आमची गच्ची आहे. मांडवावर दुधी, चवळीचे चार वेल, मिरच्या, आणि वेळेवर काढायची राहिली म्हणून फुलावर आलेली कोथिंबीर. डिसेंबरपासून तीन गोष्टी एकदम सुरू झाल्या आहेत. त्यांचा एकमेकींशी संबंध आहे की नाही, तेच कळत नाही.

पहिली म्हणजे एक माशी. पोटावर पिवळे-काळे पट्टे, अंगाने गांधीलमाशीपेक्षा बरीच बारीक. हवेत एका जागी टांगल्यासारखी थांबते आणि हात पुढे केला की सटकन बाजूला सरकते. सकाळी कोथिंबिरीच्या फुलांवर आठ-दहा तरी असतात, अधूनमधून दुधीच्या मांडवाखालीही दिसतात. परवा एक माझ्या मनगटावर बसून घाम चाटत होती. चावली नाही.

दुसरी, चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. त्या माव्यात हिरवट, बिनपायाच्या, गोगलगायीच्या पिल्लासारख्या अळ्या आहेत, जेमतेम सेंटिमीटरभर. मी दहा-बारा उचलून साबणाच्या पाण्यात टाकल्या. मग एका अळीने तोंडात मावा धरून तो हवेत उचललेला दिसला आणि हात थांबला.

तिसरी, दुधी लिंबाएवढे होतात, पिवळे पडतात आणि गळतात.

शेजारच्या काकू ठामपणे सांगतात की ही फळमाशी, हीच दुधी खराब करते. नर्सरीवाल्याने एक बाटली दिली आहे, "मुळाशी ओता, दोन महिने बघायला नको." अजून उघडलेली नाही. काय करू?

प्रतिसाद १ – मुक्काम निफाड

ताई, बाटली उघडू नका. मुळाशी ओतायचं औषध झाडात भिनतं, ते फुलातल्या मधात आणि परागातही उतरतं. मावा मरेल, पण कोथिंबिरीवर येणारं सगळं गिऱ्हाईकही जाईल.

तुमची माशी म्हणजे सिरफिड माशी. आमच्याकडे कृषी सहायक मित्रकीटकांच्या तक्त्यात दाखवतात, पण तक्त्यातली माशी आणि शेतातली माशी एकच आहे हे ओळखायला मला चार वर्षं लागली. त्या बिनपायाच्या अळ्या तिचीच पोरं. एक अळी कोषात जाईपर्यंत शेकड्यांनी मावा फस्त करते. तुम्ही दहा-बारा बुडवल्यात, म्हणजे हिशेब करा. (रागावू नका, मी तर पंपाने मारल्यात.)

प्रतिसाद २ – रानवाटा

काकूंची चूक समजण्यासारखी आहे, दोन्हींच्या अंगावर पिवळं असतं. ओळखायची खूण अशी: दुधी-कारल्यावरची फळमाशी तांबूस-तपकिरी असते, पंखांवर तपकिरी डाग असतात. हवेत तरंगत बसत नाही, ती कोवळ्या फळावर चालते आणि मागची सुईसारखी नळी खुपसून सालीखाली अंडी घालते. गळालेला दुधी कापून बघा. आत पांढऱ्या अळ्या असतील तर फळमाशी. आत स्वच्छ असेल तर बहुधा परागीभवनच झालेलं नाही.

सिरफिड मधमाशीचं किंवा गांधीलमाशीचं सोंग घेते, डंख मात्र नाही. मधमाशीला चार पंख, हिला दोनच. डोळे डोकं व्यापतील एवढे मोठे आणि मिशा अगदी आखूड. सोंड आखूड म्हणून तिला उघडी, उथळ फुलं लागतात: कोथिंबीर, बडीशेप, शेपू, मोहरी, एकेरी पाकळीचा झेंडू. तुमची कोथिंबीर काढायची राहिली हे बरंच झालं. मादीला अंडी तयार करायला पराग खावे लागतात, आणि पोट भरलं की ती माव्याच्या वस्तीशेजारीच तांदळाच्या कणीसारखं पांढरं अंडं घालते. फुलं आणि मावा जवळजवळ असले की ती तुमच्या गच्चीवर घरच करते.

प्रतिसाद ३ – कुंडीभर माती

पण मग दुधीचं परागीभवन ही माशी का करत नाही? एवढ्या आहेत तर.

रानवाटा

कारण दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. ही माशी उन्हातली, तेव्हा तिचं दुकान बंद झालेलं असतं. ते काम रात्रीच्या पतंगांचं, आणि चौथ्या मजल्यावर ते कितपत येणार? अंधार पडता पडता नर फूल खुडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. खाली इवलासा दुधी असतो ते मादी फूल.

कोथिंबीर, मोहरी, स्ट्रॉबेरी यांना मात्र ह्या माश्यांचा चांगला उपयोग होतो. अंगावर केस कमी, त्यामुळे एका फेरीत मधमाशीइतके पराग वाहत नाहीत, पण मधमाशीसारखं पोळ्याकडे परतायचं बंधन नाही. जिथे खाणं तिथे मुक्काम.

प्रतिसाद ४ – शेणखतप्रेमी

अवांतर: माझ्या स्लरीच्या (शेण-पाण्याच्या खताच्या) बादलीत लांब शेपटीच्या मळकट अळ्या झाल्यात, बघूनच बायकोने बादली गच्चीबाहेर काढायला सांगितली. ह्यांच्यातल्याच का?

रानवाटा

हो, त्याच कुळातल्या. ती शेपूट म्हणजे श्वास घ्यायची नळी, घाण पाण्यातून वर काढतात. पुढे मधमाशीसारख्या दिसणाऱ्या माश्या होतात. वहिनींना तेवढं सांगून बघा.

मुक्काम निफाड

ताई, मावा फारच वाढला तर नुसत्या पाण्याचा फवारा द्या किंवा जास्त माखलेला शेंडा खुडून टाका. मात्र आधी अळ्या दुसऱ्या फांदीवर सोडा. निंबोळी अर्कसुद्धा सरसकट नको, कोवळ्या अळ्यांना तोही बाधतो. आणि पिवळे चिकट सापळे लावले असतील तर काढा. पिवळा रंग ह्या माशीलाही खुणावतो.

धागाकर्ती, बारा दिवसांनी

सापळे दोन होते. एकावर सात सिरफिड चिकटलेल्या निघाल्या. काढले.

गळालेले तीन दुधी कापले, आत काही नाही. हाताने फिरवलेल्या पाच फुलांपैकी तीन धरली आहेत, मोठा आता वीतभर झालाय. काकू रोज येऊन बघतात.

चवळीच्या पानाला चिकटलेले थेंबासारखे तीन कोष मी पानासकट डबीत ठेवले होते, वर मलमलचा तुकडा. दोनांतून माश्या निघाल्या, सोडून दिल्या. तिसऱ्यातून मात्र माशी नाही, एक किडकिडीत काळी गांधीलमाशीसारखी चीज बाहेर आली, मागच्या पायांवर पांढरे-तांबूस पट्टे. डबीत गांधीलमाशी तर नव्हती हो! हे काय?

रानवाटा

सिरफिडच्या अळीत अंडं घालणारी परजीवी गांधीलमाशी. आतून खाते, बाहेर कोष तसाच राहतो. तुम्हाला काही करणार नाही. तिलाही सोडा.

धागाकर्ती

सोडायला उशीर झाला, काकूंनी चप्पल मारली.