पंचगंगेतल्या चिलापीच्या विणीवर प्रकल्प: निधी कुठे मागावा आणि कशासाठी?

कासारीकाठ
नमस्कार मंडळी. शिंगणापूर ते रुई या पट्ट्यातल्या चिलापीच्या (ओरिओक्रोमिस मोसांबिकस) विणीच्या हंगामावर तीन वर्षांचा प्रस्ताव लिहितोय. कच्च्या अंदाजपत्रकात निम्मी रक्कम कॅमेऱ्याचा सूक्ष्मदर्शक, नवा मायक्रोटोम (गाभोळीचे पातळ काप करणारं यंत्र) आणि पाणी तपासायच्या यंत्रांवर जातेय. समितीचा पहिला प्रश्न ठरलेला: चिलापीवर जगभर काम झालंय, मग नवीन काय? याला काय उत्तर द्यावं, आणि प्रस्ताव कुठे पाठवावा?

बरगे_आणि_पाणी
नवीन गोष्ट तुमच्या नदीतच आहे: कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळा सरला की बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घालतात, पुढच्या पावसाआधी काढतात. मधले सात-आठ महिने वाहत्या नदीच्या जागी एकापाठोपाठ एक संथ डोह होतात. १९५२ साली भारतात आणलेल्या या माशाला नेमकं हेच मानवतं. उथळ, मऊ तळावर नर बशीसारखे खड्डे करतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठच्या गाळात असे खड्डे ओळीनं उघडे पडतात. त्यांचा व्यास आणि पाण्यापासूनचं अंतर मोजायला टेप आणि एक माणूस पुरतो.

पण एक चूक टाळा. ‘बरगे काढून पाणी उतरवलं की चिलापीची अंडी मरतील’ असं उद्दिष्टात लिहू नका. अंडी खड्ड्यात राहतच नाहीत, मादी ती लगेच तोंडात घेते आणि पिल्लं पोहू लागेपर्यंत सांभाळते. पाणी उतरल्यानं फार तर नरांची जागा मोडते. सायप्रिनसचं (कॉमन कार्पचं) उलट आहे. त्याची चिकट अंडी पाणवनस्पतींना चिकटतात आणि काठ उघडा पडला की वाळतात. म्हणून दोन्ही मासे एकाच प्रस्तावात घ्या. पाण्याच्या पातळीचा एकच बदल दोघांवर वेगवेगळा परिणाम करतो का, हा प्रश्न समितीला पटेल आणि पाटबंधारे खात्यालाही उपयोगी पडेल.

गाभोळी
नमुन्यांबद्दल लिहितो, कारण असे प्रकल्प बहुतेक इथेच फसतात.

दरमहा प्रत्येक ठिकाणी किमान ३० माद्या धरा. दोन ठिकाणं, १२ महिने म्हणजे ७२०. रात्रभर लावलेल्या तंगूसच्या (नायलॉनच्या) जाळ्यावर विसंबू नका: अडकलेली मादी तोंडातली अंडी टाकून देते आणि नोंदीत ती ‘रिकामी’ दिसते. त्याच मादीची गाभोळी नुकतीच मोकळी झाल्यानं जीएसआयही (गाभोळीचं वजन भागिले माशाचं वजन, गुणिले १००) खाली येतो. ऐन विणीच्या महिन्यात हंगाम संपल्यासारखा आलेख निघतो तो यामुळे. फेकजाळ्यानं पकडा, पाण्यातून काढताक्षणी तोंड तपासा, प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत घाला. एकाच आसाचं (छिद्राच्या मापाचं) जाळं वापरलं तर लहान माद्या निसटतात. दाटीत वाढलेली चिलापी १० सेंटीमीटरच्या आतच अंड्यावर येते, म्हणून प्रथम परिपक्वतेची लांबी हमखास जास्त निघेल.

अंडी मोजताना कार्पचं सूत्र (गाभोळीच्या तुकड्यातली अंडी मोजून पूर्ण वजनाशी गुणणं) चिलापीला लावू नका. तिची अंडी मोठी आणि थोडी, शेकड्यांत असतात. पिवळी, पिकलेली अंडी सगळी मोजा आणि तो आकडा ‘एका खेपेचा’ म्हणूनच लिहा, कारण मादी वर्षात अनेकदा विते.

काचपट्ट्यांसाठी गाभोळीचे ४-५ मिलिमीटरचे तुकडे करून बुईनच्या द्रावणात २४ तास ठेवा (संपृक्त पिक्रिक आम्ल ७५, फॉर्मलिन २५, ग्लेशियल ॲसिटिक आम्ल ५ भाग). नंतर पिवळेपणा जाईपर्यंत ७० टक्के अल्कोहोलनं धुवा. तुकडा मोठा राहिला तर बलक कडक होऊन काप फुटतात. पिक्रिक आम्ल कधीही कोरडं पडू देऊ नका, ते स्फोटक असतं.

ताळमेळ
अंदाजपत्रक उलटं करा. विभागात जुना मायक्रोटोम असेल तर पातं आणि दुरुस्ती मागा, नवा नको. पैसा माणसांवर आणि फेऱ्यांवर हवा. एक जेआरएफ (कनिष्ठ संशोधक) दरमहा ३७,००० प्रमाणे वर्षाला ४,४४,००० होतो, घरभाडं वेगळं. कोळ्यांची मजुरी आणि विकत घेतलेल्या माशांची किंमत स्वतंत्र ओळीत दाखवा. ‘किरकोळ’मध्ये घातली की लेखापरीक्षणात अडकते. ०.०१ ग्रॅमचा तराजू मात्र नक्की घ्या, लहान माद्यांची गाभोळी साध्या काट्यावर नोंदतच नाही.

कुठे पाठवायचं? संशोधनाला निधी देणारं केंद्राचं एसईआरबी आता एएनआरएफमध्ये सामावलंय, तिथे बंधाऱ्यांचं गृहीतक पुढे ठेवा. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे राज्याला होणारा उपयोग आधी मांडा. रफर्डसारखं लहान परदेशी अनुदान खड्डे मोजण्याच्या एका हंगामाला पुरेल, पण एफसीआरएचा (परदेशी निधीच्या कायद्याचा) प्रश्न संस्थेच्या लेखा विभागाकडे आधीच सोडवा. एकच मजकूर तिन्हीकडे पाठवला तर तिन्हीकडून परत येईल. केंद्राचा निधी मिळाला तर जीएफआर (सरकारी वित्तीय नियम) १२-एचं विनियोग प्रमाणपत्र वेळेत द्या. ते अडलं की पुढचा हप्ता अडतो आणि जेआरएफ सोडून जातो.

कासारीकाठ
सायप्रिनस नक्की घेतो. पण जुलै-ऑगस्टमध्ये नदीत उतरताच येत नाही. नोंदीत तेवढी पोकळी राहिली तर?

बरगे_आणि_पाणी
ती पोकळी प्रस्तावात आधीच कबूल करा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ‘अमुक पातळीवर नमुने थांबतील’ असं लिहा आणि त्या दोन महिन्यांसाठी कळंब्यासारखा एक तलाव जोडा. मात्र तलावातले नमुने वर्षभर घ्या. फक्त पावसाळ्यातले घेतले तर फरक ऋतूचा की जागेचा, हे सांगता येणार नाही. नमुन्यांचं काम १२ ऐवजी १४ महिने आखा, म्हणजे सुरुवातीचे दोन महिने पुन्हा तपासता येतात.

गाभोळी
अजून एक. शेपटीवर उभे पट्टे असलेली चिलापी दिसली तर ती निलोटिका (नाईल चिलापी) किंवा संकर असू शकते. सीओआय बारकोडिंगवर (एका जनुकावरून जात ओळखण्यावर) थांबू नका. तो जनुक मायटोकॉन्ड्रियातला, फक्त आईचा वंश सांगतो, संकर पकडत नाही. केंद्रकातल्या मार्करची तरतूद करा, आणि प्रत्येक माशाचा पट्टीसकट फोटो व कल्ल्याचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा.