‘जन्मजात’ की ‘उपजत’? : बुरशीशी लढणाऱ्या प्रतिकारशक्तीचे शब्द

विचारणा : बुरशीजन्य आजारांवरील एका मराठी पुस्तिकेचा मसुदा तपासताना शरीराच्या पहिल्या बचावफळीसाठी ‘नैसर्गिक’, ‘जन्मजात’ आणि ‘उपजत’ प्रतिकारशक्ती अशी तीन विशेषणे आढळली. यांपैकी कोणते ठेवावे? तसेच ‘बुरशी’ व ‘कवक’ यांत भेद करावा काय?

उत्तर : ‘नैसर्गिक’ प्रथम बाद करावे, कारण गोवर होऊन गेल्यावर मिळणारे संरक्षणही नैसर्गिकच असते, पण ते उपार्जित, म्हणजे जन्मानंतर कमावलेले असते. ‘जन्मजात’ची अडचण निराळी आहे. वैद्यकीय लेखनात हा शब्द ‘जन्मजात हृदयदोष’ अशा प्रयोगांत पक्का रुजला आहे. काही बालकांच्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात, पण एका विकराच्या (एन्झाइमच्या) अभावी त्याला मारणारी ऑक्सिजनची तीव्र संयुगे तयार करू शकत नाहीत, आणि अशा बालकांना ॲस्परजिलस या बुरशीचा गंभीर संसर्ग होतो. या विकाराचे वर्णन ‘जन्मजात प्रतिकारशक्तीतील जन्मजात दोष’ असे करावे लागले, तर वाचक अडखळणारच. ‘उपजत प्रतिकारशक्तीतील जन्मजात दोष’ असे लिहिल्यास दोन्ही अर्थ आपापल्या जागी राहतात.

बुरशी आणि कवक यांविषयी माझे मत असे, की वर्गीकरणाच्या चर्चेत ‘कवक’ योग्य आहे, कारण त्यात अळंबी आणि यीस्टही येतात. रुग्णांसाठीच्या पुस्तिकेत मात्र ‘बुरशी’च हवी. नायटा, शिबे, पावसाळ्यातल्या चिखल्या हे आजार कवकांमुळे होतात असे सांगितल्यास कोणाला काय बोध होणार?

आणखी एक शंका : याच मसुद्यात ‘भक्षकपेशी बुरशीला खाऊन टाकतात’ असे वाक्य आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : अर्धेच बरोबर आहे. भक्षकपेशींची, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींची, कल्पना मांडणारे शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांनी 1884 साली पाणपिसवा या पाण्यातील सूक्ष्म जीवांच्या शरीरात शिरलेल्या यीस्टचे सुईसारखे बीजाणू (बुरशीचे बीजासारखे सूक्ष्म कण) रक्तपेशी गिळताना पाहिले होते, त्यामुळे ‘भक्षक’ या शब्दाला बुरशीच्याच अभ्यासाचा आधार आहे. परंतु फुप्फुसात पोचलेला ॲस्परजिलसचा बीजाणू आधी प्रथिनाच्या आवरणाखाली जवळजवळ अदृश्य असतो. तो फुगून रुजू लागला, की त्याच्या पेशीभित्तिकेतील बीटा-ग्लुकॅन ही शर्करासाखळी उघडी पडते आणि भक्षकपेशींवरील डेक्टिन-१ हा ग्राही (खूण ओळखणारे प्रथिन) ती ओळखतो. आपल्या पेशींत ही साखळी नसल्यामुळे तिच्यावरून परका ओळखता येतो. त्या क्षणी बीजाणू गिळला गेला तर प्रश्न मिटतो. मात्र त्यातून कवकतंतू, म्हणजे बुरशीचा धाग्यासारखा भाग, वाढला, तर तो पेशीहून कितीतरी लांब होतो आणि गिळता येत नाही. मग न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्याला बाहेरूनच घेरतात, त्याच्यावर मारक द्रव्ये सोडतात, आणि काही तर आपल्याच डीएनएचे जाळे त्याच्याभोवती फेकतात. म्हणून ‘भक्षकपेशी बीजाणू गिळतात, तर वाढलेल्या तंतूंवर न्यूट्रोफिल बाहेरून हल्ला करतात’ असे वाक्य घ्यावे.

पुरवणी प्रश्न : ‘काळी बुरशी’ हा शब्द ठेवावा का?

उत्तर : मुख्य नाव म्हणून ठेवू नये. 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजारासाठी तो सर्रास वापरला. पण त्या बुरशीचे तंतू काळे नसतात. ते रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडतात आणि त्यामुळे मृत झालेले ऊतक काळे पडते. शिवाय खरोखर काळे रंगद्रव्य बाळगणाऱ्या बुरशींचा गट वेगळाच असल्याने गोंधळ वाढतो.

या आजाराच्या परिच्छेदात ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ एवढेच लिहून थांबणेही मोघम ठरेल. अनियंत्रित मधुमेहात न्यूट्रोफिलांची हालचाल व मारकक्षमता मंदावते, रक्तातील आम्लता वाढल्यास प्रथिनाला बांधलेले लोह सुटे होऊन बुरशीच्या वाढीला मिळते, आणि स्टेरॉइडे साखर वाढवतात व भक्षकपेशींनाही दुबळे करतात. येथे ‘उपजत प्रतिकारशक्ती क्षीण होते’ असे स्पष्ट लिहावे, आणि ‘काळी बुरशी’ हे नाव वाचकाच्या ओळखीपुरते एकदाच अवतरणचिन्हांत देऊन पुढे सर्वत्र ‘म्युकरमायकोसिस’ योजावे.