गुलमर्गला मुलांना स्कीइंग शिकवायचंय, वय ५ आणि ९. कितपत जमतं?

हळदीची_सांगली

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीचे, विश्रामबागेत राहतो. जानेवारीचा शेवट नाहीतर फेब्रुवारीची सुरुवात असं धरून काश्मीरचं चाललंय. मी, नवरा, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ चा आणि सोबत सासू-सासरे. मुलीनं कुठल्यातरी व्हिडिओत एवढी एवढीशी पोरं बर्फावरून सुसाट खाली येताना बघितली तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही, आणि धाकट्याला ताई जे करेल तेच करायचं असतंय.

टूरवाल्यानं जो प्लॅन पाठवलाय त्यात सहा रात्रीत श्रीनगर, सोनमर्ग, पहलगाम, गुलमर्ग सगळं कोंबलंय आणि गुलमर्गपुढं "स्कीइंग १ तास" एवढंच लिहिलंय. एका तासात काय शिकणार हो पोरं? ५ वर्षांच्याला शिकवतात का मुळात? कपडे इथून घ्यायचे की तिथं भाड्यानं मिळतात? आणि आम्ही पोरांच्या मागं असताना सासू-सासऱ्यांनी काय करायचं, सासऱ्यांचे गुडघे दुखतात, फार चालणं होत नाही. सासूबाई तर पहलगामला जे झालं त्यानंतर काश्मीरचं नावच काढू नका म्हणतात. मनाली बरं पडेल का त्यापेक्षा? जाऊन आलेल्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज, इथं विचारायला ओळखीचं कुणी नाही, जो तो ट्युलिपचे फोटो दाखवतोय.

यवतेश्वरचा_घाट

ताई, आधी तो एक तास म्हणजे काय असतंय ते सांगतो. गाडीतून उतरलात की पाच-सहा जण गराडा घालतात, पोराच्या पायात बूट चढवतात, हातात काठ्या देतात, एक जण पुढून ओढतो, एक मागून धरतो, थोडं घसरवतात, बाप मोबाईल धरून उभा, झालं स्कीइंग. मनालीला सोलंगमध्ये आमच्या पोरांनी हेच केलं, फोटो एक नंबर आले, पोरं खूश, पण शिकणं त्यात नव्हतं. तेवढंच हवं असेल तर टूरवाल्याचा प्लॅन बरोबर आहे, उगाच डोकं लावू नका.

शिकवायचं असेल तर सोनमर्ग आणि पहलगाम सरळ उडवा आणि गुलमर्गला चार रात्री राहा. श्रीनगरहून गुलमर्ग ५० किलोमीटरच आहे, पण बर्फ पडला की तंगमर्गला गाडी बदला नाहीतर चाकांना साखळ्या लावा, तिथून वर १३ किलोमीटर गोगलगायीच्या वेगानं, पोचेपर्यंत दुपार होते आणि तोवर डे-ट्रिपवाल्यांची जत्रा भरलेली असते. वर मुक्काम असला की सकाळी नाश्ता करून थेट उतारावर, गर्दीच्या आत पोरांचे दोन तास होऊन जातात.

आता खरं शिकवणं कसं असतंय. चांगला शिकवणारा लहान पोरांना सुरुवातीला काठ्या देतच नाही. काठ्या असल्या की पोरं त्यावर रेलतात, खाली बघत बसतात आणि पायाकडं लक्ष जात नाही. आधी नुसत्या बुटात चालवतो, मग एकाच पायात स्की, मग दोन्ही. मग आडवं उभं राहून एक एक पाऊल टाकत चढ चढायचा, कारण घसरण्यापेक्षा चढणंच जास्त असतंय पहिल्या दिवशी. मग पडायचं कसं, कुशीवर, मागं ढुंगणावर नाही. उठताना स्की उताराला आडव्या ठेवायच्या, नाहीतर उठता उठता परत घसरतंय आणि रडारड. हे सगळं झालं की मग थोडासा उतार, खाली सपाट जागा असलेला, आणि स्नोप्लाऊ. म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आतली कड बर्फात दाबायची, जितकं मागं फाकवाल तितका वेग कमी. पोरगं स्वतःहून थांबायला लागलं की अर्धी लढाई जिंकली, वळणं नंतर आपोआप येतात, डाव्या पायावर वजन टाकलं की उजवीकडं वळतं, एवढंच आहे ते. शिकवणारा ठरवताना त्याला हेच विचारा की पहिल्या दिवशी काय घेणार. "डायरेक्ट ऊपर ले जायेंगे" म्हणाला तर राम राम करा.

मुलगी ९ ची आहे म्हणजे तीन-चार सकाळी दिल्या तर छोट्या उतारावर एकटी वळत वळत खाली यायला हवी. पैशाचं दोन्ही पोरांचं, किती तासांचं, सामानासकट की सोडून, सगळं आधी तोंडावर ठरवा. आणि दोघांना वेगळा शिकवणारा घ्या, एकत्र शिकवला की धाकट्यामुळं थोरली अडकते.

भडंगप्रेमी

एवढं सगळं करून पोरगं दुसऱ्या दिवशी म्हणणार, मला नको, मला बर्फाचा गणपती करायचाय. तयारी ठेवा 😂

डॉक्टरीणबाई_मिरज

वरच्याचं हसण्यावारी नेऊ नका, ५ वर्षांच्याचं तसंच होणार आणि तसंच होऊ द्यावं. युरोपात तीन-चार वर्षांच्या वयापासून शिकवतात हे खरं, पण तिथं लहानांसाठी वेगळी कुंपण घातलेली जागा असते, उभं राहिलं की वर नेणारा सरकता पट्टा असतो, खेळणी असतात. आपल्याकडं पोरगं चढून चढून दमतं. त्यामुळं घाटवाले दादा दोन तास म्हणतायत ते थोरलीला ठीक, धाकट्याला पाऊण तास खूप झाला. मग घसरगुंडी, बर्फाचे गोळे, गरम कहवा नाहीतर दूध, आणि झोप. जबरदस्ती केली तर पुढं स्कीचं नाव काढलं तरी भोकाड पसरेल.

तब्येतीचं थोडं. गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर आहे, आपलं महाबळेश्वर १३५० च्या आसपास, म्हणजे दुप्पट. पहिल्या दिवशी धाप लागणं, डोकं जड होणं, पोरं किरकिरी होणं हे चालायचंच, म्हणून पोचल्या दिवशी काहीच ठेवू नका. गोंडोलाचा (तिथल्या रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर ३९०० मीटरच्या वर जातो, तिथं धाकट्याला आणि सासऱ्यांना नेऊ नका असं माझं स्पष्ट मत, फोटोसाठी काय जायचं असेल ते तुम्ही नवरा-बायको आळीपाळीनं जाऊन या. डोकं दुखून उलटी झाली, पोरगं सुस्त पडलं तर औषध देऊन वर थांबायचं नाही, खाली उतरायचं. थंडीत तहान लागत नाही पण पाणी लागतंच, बाटली मागं लागून पाजा.

आणि ऊन! लोक थंडीचा विचार करतात आणि उन्हानं भाजून येतात. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, म्हणजे खालूनही ऊन लागतं. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेला पण लावायचं, ओठांना बाम. गॉगल पोरांना नीट बसणारा, रस्त्यावरचा रंगीत काचेचा नको, तो नसलेला परवडला.

सासऱ्यांना सध्या गुडघ्याला जी गोळी चालू आहे ती पुरेशी सोबत घ्या. घसरून पडणं हा त्यांचा खरा धोका, बर्फावर नाही तर हॉटेलच्या दारातल्या गोठलेल्या पायऱ्यांवर. बुटाला लावायचे काटे मिळतात ते घ्या आणि हातात काठी.

मिलिटरी_अपशिंगे

रिटायर्ड फौजी हाय, काश्मीरात बरीच वर्षं काढली, बारामुल्ला साईडला. चार गोष्टी सांगतो.

तुम्ही तारीख बरोबर धरलीय. २१ डिसेंबरपासनं चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हंजे कडाक्याची थंडी, ती जानेवारीअखेर सरती. त्यानंतर थंडी थोडी हलकी आणि बर्फ मुरलेला, पोरांना बरा. पण बर्फाचा भरवसा धरू नका, २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग पार कोरडं ठणठणीत होतं, गवत दिसत होतं, महिनाअखेरीला कुठं बर्फ पडला. म्हणून फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा धरा आणि हॉटेलचं बुकिंग रद्द करता येईल असं घ्या.

दुसरी गोष्ट. दुसऱ्या टप्प्यावरनं उतरणं हे शिकाऊ माणसाचं काम न्हाई. तिकडं आखलेल्या वाटेच्या बाहेर बर्फाचे कडे (अव्हलांच) सुटतात. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवटला दोन पोलंडचे स्कीवाले त्यातच गेले आणि ती काय नवखी माणसं नव्हती. लष्कराची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल हितंच गुलमर्गला हाय, जवान लोकांना शिस्तीत शिकवत्यात, ते पण हवामान बघूनच. कुणी पोरगं पाठीवर घेऊन वरनं आणतो म्हणाला तर तिथल्या तिथं नाही म्हणायचं.

सासूबाईंचं. त्यांची भीती खोटी न्हाई, एप्रिल २०२५ ला आपली महाराष्ट्रातली माणसं पण गेली तिथं. बंदोबस्त कडक हाय, तरी जायच्या आधी सरकारची सूचना बघा, तिथल्या हॉटेलवाल्याशी स्वतः बोला, आणि त्यांना नसंल यायचं तर आग्रह करू नका, मन घट्ट करून फिरण्यात काय मजा. मोबाईल प्रीपेड असंल तर तिकडं चालणार न्हाई, एक तरी पोस्टपेड कार्ड ठेवा, आणि रात्री घरी एक फोन.

जायचं कसं ते कुणी विचारलं न्हाई, तरी सांगतो. आपल्या गोवा एक्स्प्रेसनं मिरजेहनं दिल्ली, तिथनं जम्मू-कटरा, आणि ६ जून २०२५ पासनं कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू हाय, चिनाबवरच्या पुलावरनं जाती, नदीपासनं ३५९ मीटर उंच. वेळ असंल तर पोरांना स्कीपेक्षा ते आवडंल. वेळ नसंल तर पुण्याहनं विमान.

हळदीची_सांगली

बापरे, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. टूरवाल्याला फोन करून पहलगाम-सोनमर्ग काढायला सांगितलं तर तो म्हणतोय "मॅडम मग काश्मीर बघितलं असं होणार नाही" 🙄 नवरा म्हणतो आपणच बुकिंग करू. सासूबाई ट्रेनच्या पुलाचं ऐकून थोड्या विरघळल्यात, हो म्हणाल्या नाहीत पण नाही पण म्हणाल्या नाहीत.

दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे मुलगी इथं स्केटिंगच्या क्लासला जाते, इनलाइनवाल्या, त्याचा काही उपयोग होतो का? आणि बूट-कपड्यांचं काय?

कृष्णाघाटचा_स्केटर

उपयोग होतो, मी स्केटिंग शिकवतो. तोल, गुडघे वाकवून ठेवणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं हे सगळं तिला येत असणार, त्यामुळं पहिल्या दिवशीची भीती वाचते. पण ब्रेक वेगळा. इनलाइनला ती टाचेचा ब्रेक लावत असेल, तोच प्रयत्न बर्फावर केला की शरीर मागं जातं आणि स्की पुढं पळतात. तिला आतापासून सांगून ठेवा, बर्फावर नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली पाहिजे, मागं झुकायचं नाही. रोज पायऱ्यांवर थोडं चढ-उतार आणि भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसायचा व्यायाम घ्या, मांड्या तयार होतात. आई-बाबांनी पण घ्या 😀

भडंगप्रेमी

औलीचं पण बघा की, उत्तराखंड, आम्ही गेलतो, गर्दी कमी.

यवतेश्वरचा_घाट

औली छान आहे, पण २०२३ ला जोशीमठला जमीन खचल्यापासून तिथला रोपवे बंद पडला, सासू-सासऱ्यांना घेऊन तो सगळा रस्ता नको. मनालीला सोलंगला उतार आहे, पर्वतारोहण संस्थेचे स्कीचे कोर्स पण होतात, पण टुरिस्ट गर्दी अशी की पोरांना मोकळी जागा मिळणं मुश्कील. गुलमर्गलाही केंद्र सरकारची संस्था आहे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनीअरिंग, मुलगी मोठी झाली आणि गोडी लागली की पुढं तिथल्या कोर्सची चौकशी करा.

बुटांचं नीट वाचा, कारण पोरं रडतात ती थंडीनं कमी आणि बुटानं जास्त. बूट, स्की, हेल्मेट सगळं तिथं भाड्यानं मिळतं, इथून काही घेऊ नका. बूट घातल्यावर सरळ उभं राहिलं की बोटं पुढं टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. टाच वर उचलली जाता कामा नये. दुकानदार म्हणेल मोठा द्या, दोन मोजे घाला, ऐकायचं नाही. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. आतल्या थर्मलची पँट बुटात कोंबायची नाही, वरच थांबवायची, नाहीतर घडी पडून नडगी सोलवटते. त्या बुटात चालणं म्हणजे चिखलणी केलेल्या वावरात गमबूट घालून चालल्यागत, पोरं पहिली दहा मिनिटं कुरकुरणारच.

स्की उभी धरली की पोराच्या छाती आणि हनुवटीच्या मध्ये आली पाहिजे, त्याहून लांब नको. बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड) वजनाप्रमाणं सेट करून घ्या, म्हणजे पडल्यावर स्की पायातून सुटते, नाहीतर पाय मुरगळतो. हे तुमच्यासमोर करून घ्या.

कपड्यात सुती काही आत नको, घाम आला की ओलं राहतं आणि मग गारठा. थर्मल, वर फ्लीस, वर पाणी न शिरणारं जाकीट-पँट. हातमोजे दोन जोड न्या, एक नक्की भिजतो. ते लोकरीचे विणलेले हातमोजे, आजीनं केलेले, हॉटेलात घाला, बर्फात नको.

सासू-सासऱ्यांना पहिल्या टप्प्यापर्यंत गोंडोलानं न्या, कोंगदूरीला बसून बर्फ बघता येतो, चालायला लागत नाही. तिकीट ऑनलाइनच असतं, सीझनला पटकन संपतं, तारीख ठरली की आधी ते काढा, ओळखपत्र सोबत ठेवा. सेंट मेरी चर्च १९०२ चं आहे, छान जागा, पण बर्फात चढ चढावा लागतो, सासऱ्यांना लांबूनच दाखवा. स्लेजवाले मागं लागतील, बसायचं असेल तर बसा, पण अंतर आणि पैसे आधी ठरवून.

डॉक्टरीणबाई_मिरज

आणि हॉटेल घेताना खोलीत हीटर रात्रभर चालतो का, लाईट गेली तर जनरेटर किती वेळ, आणि गादीत इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का हे विचारा. कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपायचं नाही, कुणी कितीही प्रेमानं आणून दिली तरी.

हळदीची_सांगली

लिहून घेतलं सगळं. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरतोय, मुलीच्या शाळेत युनिट टेस्ट आहे त्याची परवानगी काढायचं काम नवऱ्याला दिलंय. लोकरी हातमोज्यांचं सासूबाईंना कसं सांगायचं तेवढंच बघते, त्यांनी कालच दुसरी जोडी विणायला घेतलीय.